आठवीतल्या लेकीला रसायनशास्त्राचे शब्द मराठीतून शिकवू की थेट इंग्रजीतून?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरात सध्या रोज रात्री याच विषयावर रडारड चालू आहे.

माझी लेक सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती. यंदा आठवीला सांगलीत सेमीला घातली. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. इतिहास-भूगोलात काही अडत नाही, पण विज्ञानाचं पुस्तक उघडलं की तिचा चेहराच उतरतो. एलिमेंट, कंपाऊंड, सोल्युट, सॉल्व्हंट हे शब्द रात्री दहा-दहा वेळा लिहून काढते, आणि सकाळी विचारलं तर निम्मे गेलेले.

मी बी.ए. झालेली, रसायनशास्त्राशी संबंध दहावीपर्यंतचाच. तरी मदतीला बसले आणि घोटाळा वाढला. परवा सरबत करताना म्हटलं, "बघ, साखर पाण्यात वितळली." तिनं वहीत तसंच लिहिलं आणि वर्गात चूक निघाली. मग मी सांगितलं, ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. तिनं मोबाईलवर एक हिंदी व्हिडिओ बघितला, त्यात मॉलिक्यूलला अणु म्हटलंय! "आई, नक्की माहीत नसेल तर सांगू नकोस ना," म्हणून पोर हुंदके द्यायला लागली. चाचणी दोन दिवसांवर होती.

मराठी शब्द आधी पक्के करून घ्यावेत, की मराठी सोडूनच द्यावं? ज्यांनी मुलांना या वाटेनं नेलंय त्यांनी कृपया सांगा.

माहुली (सातारा)

ताई, मराठी शब्द सोडून द्या. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीतच आहे. एकाच गोष्टीची दोन नावं पाठ करायला लावून पोरीचा वेळ का घालवायचा?

फळा_खडू (कोरेगाव)

ताई, पहिल्यांदा तुमच्या लेकीला सांगा की आई बरोबर होती.

मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. शब्द तोच, पण दोन भाषांनी तो दोन वेगळ्या गोष्टींना दिलाय. म्हणून आपण अणुबॉम्ब म्हणतो आणि हिंदीवाले परमाणु बम म्हणतात. क्षाराचंही तसंच. हिंदीत बेस म्हणजे क्षार किंवा क्षारक आणि सॉल्ट म्हणजे लवण. आपल्याकडे बेस म्हणजे आम्लारी आणि सॉल्ट म्हणजे क्षार. एलिमेंटला ते तत्त्व म्हणतात, आपण मूलद्रव्य. मी हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो तेव्हा हे व्हिडिओ नव्हते, पण शेवटच्या काही वर्षांत मुलं हा घोटाळा घेऊन यायला लागली होती. व्हिडिओ बघू दे, पण वहीच्या पहिल्या पानावर या तीन जोड्या लिहून ठेवा.

आता साखरेचं. वितळणं ही एकाच पदार्थाची गोष्ट आहे. थंडीत गोठलेलं तूप वाटीत घेऊन चुलीजवळ ठेवलं की ते वितळतं, त्यात दुसरं काही घालावं लागत नाही, नुसती उष्णता पुरते. विरघळायला मात्र दोघं लागतात, विरघळणारा आणि विरघळवून घेणारा. साखर पाण्यात विरघळली. बोलताना आपण सगळेच "साखर वितळली" म्हणतो, त्यात कमीपणा काही नाही. फक्त विज्ञानाच्या तासाला शब्द मोजून वापरायचा असतो. दोन वाट्या शेजारी ठेवा, एकीत तूप आणि दुसरीत साखर-पाणी, आणि तिलाच विचारा की दोन्हीकडे एकच घडलं का. तिनं फरक स्वतःच्या तोंडानं सांगितला की मग मेल्टिंग आणि डिझॉल्व्हिंग हे शब्द द्या. आधी वस्तू, मग घडणं आणि शेवटी नाव. आपण उलट करतो, नाव आधी देतो, आणि ते टेकवायला पोरांकडे जागाच नसते.

पाच शब्दांपासून सावध राहा: द्रव, द्रव्य, द्रावण, द्रावक, द्राव्य. ऐकायला सगळे सख्खे भाऊ. सरबतातलं पाणी द्रावक, साखर द्राव्य, तयार झालेलं सरबत द्रावण. ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापतं ते सगळं द्रव्य, मग ते दगड असो, पाणी असो की हवा. आणि द्रव ही त्याची एक अवस्था. मुलं चुकतात ती बहुतेक इथंच.

कृष्णाकाठ (सांगली)

सर, काय सांगू, तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा हसली. वाट्यांचा प्रयोग आजच करते.

पण क्षाराबद्दल अजून शंका आहे. आमच्या सासऱ्यांच्या तोंडी कायम "रानाला क्षार फुटलाय" असतं. लेक म्हणते, क्षार म्हणजे सॉल्ट, मग आजोबांच्या रानात मीठ आहे का?

काळी_माती (वाळवा)

आहे की ताई! मिठासारखंच असतंय ते. आमच्या बाजूला पाट आला, उसाला पाणी लई झालं, निचरा नाही. खालचं पाणी वर चढतंय, ऊन लागलं की पाणी उडून जातंय आणि क्षार तेवढा वरच राहतोय. सकाळी रानात पांढरी बुरशी आल्यागत दिसतंय. चिमूटभर जिभेवर ठेवलं तर खारट. पण त्यात नुसतं जेवणातलं मीठ नसतंय, बरेच प्रकार असतात.

आणि क्षारपड वेगळी, चोपण वेगळी. चोपण रान ओलं झालं की साबणागत बुळबुळीत आणि वाळलं की दगड. माती परीक्षणाच्या कागदावर सामू ८.५ च्या वर गेला की आम्ही चोपण म्हणतो. तिला जिप्सम लागतंय. नुसत्या क्षारपडीला जिप्सम टाकून उपयोग नाही, तिला पाणी देऊन क्षार धुवायचा आणि निचऱ्याच्या पाईपनं बाहेर काढायचा. माझे वडील दोन वर्षं जिप्सम टाकत बसले, कारण कुणी हा फरक सांगितलाच नाही. म्हणून म्हणतो, पोरीला हे शब्द नीट शिकवा. पुढं कुणाच्या तरी रानाला उपयोग होईल.

फळा_खडू (कोरेगाव)

काळी_माती दादा, तुमच्या या दोन परिच्छेदांत नववीचा अर्धा धडा आला. पीएचला, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाच्या मापाला, सामू हा शब्द शेतकऱ्यांनी जितका जिवंत ठेवलाय तितका आम्हा मास्तरांनाही जमला नाही. मुलं वर्गात पीएच म्हणतात आणि घरी त्यांचे वडील सामू म्हणतात. ही एकच गोष्ट आहे, एवढं कळलं तरी कितीतरी मुलांची भीती जाईल.

मंगळवार_तळं (सातारा)

मला एक विचारायचंय. पापडखार, टाकणखार यांतला खार म्हणजे क्षारच ना? मग पापडखार हा सॉल्ट की बेस? माझ्या भाचीला शाळेत पापडखाराच्या पाण्यात लिटमस निळा झालेला दाखवला. निळा झाला म्हणजे आम्लारी. पण नाव तर क्षार!

कारखान्याची_लॅब (सांगली)

उत्तम प्रश्न. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे, सांगण्याचा प्रयत्न करतो.

आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. दोघांची ताकद सारखी असेल तर तयार झालेला क्षार उदासीन असतो, उदाहरणार्थ जेवणातलं मीठ. त्यात लिटमस बदलत नाही. पण आम्ल दुबळं आणि आम्लारी तगडा असेल, तर त्यांच्यापासून झालेल्या क्षाराच्या अंगात आम्लारीचा गुण उरतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो कॉस्टिक सोडा या तगड्या आम्लारीचा आणि कार्बोनिक आम्ल या दुबळ्या आम्लाचा क्षार. म्हणून तो रसायनाच्या भाषेत क्षार आहे आणि त्याचं पाणी लिटमस निळा करतं. पापडखार याच घराण्यातला. आपल्या स्वयंपाकघरातला "खार" हा शब्द बहुधा अशाच पदार्थांना लागलाय, बुळबुळीत आणि तुरट चवीच्या. म्हणून घरचा खार हा पुस्तकातल्या क्षारापेक्षा आम्लारीच्या जवळ वाटतो. भाचीला सांगा, दोन्ही बरोबर आहेत. क्षार हे त्याचं कूळ आणि आम्लारीपणा हा त्याचा स्वभाव.

आमच्याकडे हे रोज घडतं. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो, सामू साडेपाचच्या आसपास. तसाच तापवला तर साखरेची नासाडी होते. म्हणून त्यात चुन्याचं दूध घालतात, गंधक जाळून झालेला वायू सोडतात आणि रस सातच्या आसपास आणतात. पुस्तकात याला उदासिनीकरण म्हणतात. लेकीला कारखाना दाखवायचा असेल तर गाळप हंगामात दाखवा, तो शब्द ती जन्मात विसरणार नाही.

द्राक्षबाग (तासगाव)

माझी पाच एकर बाग आहे आणि मुलगा नववीत. त्याला मिश्रण आणि संयुग काही केल्या समजत नव्हतं. शेवटी बोर्डोच्या टाकीपाशी उभं केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीच्या रोगाला आम्ही मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना वापरतो, त्याचं नाव बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो गावच्या मिलार्दे या प्राध्यापकानं १८८५ मध्ये हा उपाय जगापुढं मांडला. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद. मोरचूद एका प्लास्टिकच्या ड्रममध्ये विरघळवायचं, चुना दुसऱ्यात, आणि मग दोन्ही एकत्र. लोखंडी पिंप चालत नाही.

मुलानं विचारलं, का चालत नाही? मग कोयता मोरचुदाच्या पाण्यात बुडवून दाखवला. थोड्या वेळानं काढला तर पात्यावर तांबूस थर. लोखंडानं मोरचुदातल्या तांब्याला बाहेर ढकललं आणि स्वतः त्याच्या जागी जाऊन बसलं. यालाच विस्थापन म्हणतात. आमचे वडील शाळेचं तोंड न बघता हीच परीक्षा करायचे. तयार बोर्डोत विळा बुडवायचा, तांबं चढलं तर चुना कमी पडलाय, पानं करपणार. मग चुना वाढवायचा.

मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही रोज केमिस्ट्री करता आणि मला सांगितलं का नाही?" मला त्या दिवशी लई बरं वाटलं. एकच सांगणं: मोरचूद विषारी आहे आणि चुन्याची वाफ-कण डोळ्यांत गेले तर इजा होते. पोरांना लांब उभं करा आणि हातात मोजे घाला.

कारखान्याची_लॅब (सांगली)

द्राक्षबाग दादा, उदाहरण सुंदर, पण एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर मुलगा परीक्षेत गोंधळेल. बोर्डोला मिश्रण म्हणतात, पण ते साखर-वाळूसारखं साधं मिश्रण नाही. मोरचूद आणि चुना यांच्यात रासायनिक अभिक्रिया होते, निळसर गाळ बनतो आणि तो पानाला चिकटून राहतो. त्या गाळाला अवक्षेप म्हणतात. म्हणजे नाव मिश्रणाचं, आणि आत नवीन संयुगं तयार झालेली.

मिश्रण आणि संयुग यांची सोपी खूण प्रमाणात आहे. सरबतात साखर एक चमचा घाला की चार, सरबतच. पाण्याला तशी मोकळीक नाही. कृष्णेचं घ्या, कोयनेचं घ्या, शुद्ध केल्यावर त्यात वस्तुमानानं हायड्रोजन एक भाग आणि ऑक्सिजन आठ भाग, हेच प्रमाण निघणार.

माहुली (सातारा)

सगळं छान चाललंय, पण माझं म्हणणं का तसं होतं ते आता सांगतो.

माझा मुलगा दहावीपर्यंत पूर्ण मराठीतून शिकला. विज्ञानात नव्वदच्या वर गुण. अकरावीला साताऱ्यात सायन्सला गेला. पहिल्या दिवशी फळ्यावर व्हॅलेन्सी, कॅटायन, प्रेसिपिटेट. त्याला संयुजा, धन आयन, अवक्षेप सगळं येत होतं, पण सरांना नाव इंग्रजीत सांगता येईना. वर्गात प्रश्न विचारायचं बंद झालं. पहिल्या चाचणीत नापास झाला. रात्री म्हणायचा, "बाबा, मला विषय येतोय, पण मी मुका झालोय." त्या पोराचे ते तीन-चार महिने मी विसरू शकत नाही. तिथल्या कुणालाही वाटलं नाही की या मुलांसाठी आठ दिवस शब्दांची उजळणी घ्यावी.

म्हणून म्हणतो, उसाचा रस आणि द्राक्षबाग ठीक आहे, पण परीक्षेचा कागद इंग्रजीत येतो.

फळा_खडू (कोरेगाव)

माहुली साहेब, तुमचा मुलगा "विषय येतोय" म्हणाला, हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्याकडे कल्पना पक्की होती, नुसतं दुसरं नाव नव्हतं. माझ्याकडे उलटी मुलंही येत. त्यांना व्हॅलेन्सी शब्द यायचा, पण सोडियमची संयुजा एक का, ते सांगता यायचं नाही. पहिल्याचं दुखणं काही महिन्यांत बरं होतं. दुसऱ्याचं बारावीपर्यंत तसंच राहतं. तरी तुमचा मुद्दा मान्य. दहावीपर्यंत एकही इंग्रजी संज्ञा कानावर न पडता मुलाला अकरावीत ढकलणं ही आमच्याच पिढीची चूक आहे. आठवीपासून दोन्ही नावं बरोबर चालायला हवीत.

सोनचाफा (कराड)

संयुजावरून आठवलं. माझ्या धाकट्याला विचारलं, संयुजा म्हणजे काय रे? तो म्हणाला, "नवीन मुलगी आली असेल वर्गात. तनुजा, गिरिजा, संयुजा." आम्ही सगळे पोट धरून हसलो. आता घरात कुणी हट्टानं कुणाचा हात धरला की "याची संयुजा एक" असं म्हणतात.

वाई_घाट (वाई)

सोनचाफा ताई, तुमच्या धाकट्यानं नकळत बरोबर दिशा पकडली आहे. संयुजा, संयुग, संयोग या सगळ्यांत युज् आहे, म्हणजे जोडणं. किती हात जोडता येतात ती संयुजा आणि जोडून झालेलं ते संयुग. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार. मुलांना गोलात उभं करून हात धरायला लावा. एक ऑक्सिजन, दोन्ही हातांना एकेक हायड्रोजन, झालं पाणी.

आपल्या संज्ञा नीट उघडून बघितल्या तर त्या स्वतःच अर्थ सांगतात. मला सगळ्यात आवडता शब्द आम्लारी. मुरारी म्हणजे मुर दैत्याचा अरी, तसा आम्लारी म्हणजे आम्लाचा अरी, शत्रू. समोर आला की आम्लाचं आम्लपण संपवतो. इंग्रजीतला बेस शब्द हे सांगत नाही. अवक्षेप म्हणजे खाली टाकलेलं. उष्मादायी म्हणजे उष्णता देणारी, उष्माग्राही म्हणजे घेणारी. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की भांडं तापतं, ती उष्मादायी.

मी वाईचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम आमच्या गावात उभं राहिलं, तेव्हा विज्ञानाच्या प्रत्येक शाखेसाठी मराठी संज्ञा ठरवणं हे त्या कामाचा मोठा भाग होतं. लोकांनी एकेका शब्दावर डोकं लावलं. "एकाच गोष्टीची दोन नावं" म्हणून ते टाकून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

आणि आवर्तसारणीत तर संस्कृत थेट रशियातून आली आहे. मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये सारणी मांडली आणि पुढं सापडणार असलेल्या मूलद्रव्यांना तात्पुरती नावं दिली, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. हे "एका" म्हणजे आपलंच एक. पहिलं १८७५ मध्ये गॅलियम म्हणून सापडलं, दुसरं १८८६ मध्ये जर्मेनियम म्हणून.

रांजणवाडी (पलूस)

बाकी पटलं, पण चंचुपात्र? बीकरला आयुष्यात कुणी चंचुपात्र म्हटलंय का?

फळा_खडू (कोरेगाव)

नाही म्हटलं. मीही वर्गात बीकरच म्हणायचो. उपकरणांची नावं आणि ऑक्सिजन-हायड्रोजनसारखी मूलद्रव्यांची नावं जगभर चालतात, तीच ठेवावीत. प्राणवायू आणि नत्र मात्र मला सोडवत नाहीत, ते लोकांच्या तोंडात आहेत.

काळी_माती (वाळवा)

नत्र, स्फुरद, पालाश तर आमच्या लहान पोरांनापण येतंय. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ लिहिलेलं असतंय ते याच क्रमानं. पण भाचा विचारतो, पालाशला म्हणजे पोटॅशियमला के का लिहितात, पी का नाही? मला सांगता येईना.

अकरावीचा_बाक (सांगली)

मी सांगते दादा, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पी हे अक्षर फॉस्फरसला गेलंय, म्हणजे तुमच्या स्फुरदाला. पोटॅशियमचं के हे लॅटिन नाव कॅलियम यावरून आलंय. तसंच सोडियमचं एन-ए नॅट्रियमवरून, लोखंडाचं एफ-ई फेरमवरून, तांब्याचं सी-यू क्युप्रमवरून, चांदीचं ए-जी अर्जेंटमवरून. अर्जेंटम आणि आपला अर्जुन एकाच मुळाचे, दोन्हींचा अर्थ पांढरा, चकाकणारा. मला हे कळल्यापासून चांदीची संज्ञा कधी चुकली नाही.

मीही गावच्या मराठी शाळेतून आले. माझी एक वही होती, तिच्या प्रत्येक पानाला तीन रकाने. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात "मी हे कुठं पाहिलं". तिसरा रकाना रिकामा असेल तर तो शब्द मला येत नाही असंच धरायचं. उत्प्रेरक (कॅटॅलिस्ट), म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, या शब्दापुढे कितीतरी दिवस काही नव्हतं. मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकून भसाभस बुडबुडे येताना बघितले, आणि रकाना भरला.

इंग्रजी शब्दही फसवतात हेही सांगा. सोल्युशन म्हणजे उत्तर आणि द्रावणही. मोल शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं किंमत, कारण आजी "मोलाचं" म्हणते. नंतर सरांनी सांगितलं, डझन म्हणजे १२ तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. केळी डझनावर मोजतात, तसे अणू मोलावर.

कारखान्याची_लॅब (सांगली)

अकरावीचा_बाक, फार छान सांगितलंत. काळी_माती दादांना एक जोड. पोत्यावरचा २६ हा आकडा शुद्ध फॉस्फरसचा नाही. तो फॉस्फरस पेंटॉक्साइड या ऑक्साइडच्या रूपात धरलेला असतो. शुद्ध फॉस्फरस मोजला तर १०० किलोत साधारण ११ किलो भरतो. पालाशचंही असंच, ते पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात धरतात. मूलद्रव्य आणि संयुग यांतला फरक खताच्या पोत्यावर छापलेला आहे.

काळी_माती (वाळवा)

हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आभार.

मंगळवार_तळं (सातारा)

तिसऱ्या रकान्यासाठी माझ्याकडून एक. आमच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा. भात्यानं भट्टी फुलवायची, पातेलं तापवायचं, त्यात नवसागराची पूड टाकून कापसानं घासायचं की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. मग कथील लावलं की पातेलं आतून चांदीसारखं. आम्ही मुलं त्या धुरासाठी वाट बघत बसायचो. पुढं शाळेत संप्लवन आलं. स्थायूचा द्रव न होता थेट वायू होतो, उदाहरण नवसागर. मला बाईंनी काही सांगावंच लागलं नाही. आता कल्हईवाले फारसे दिसत नाहीत, मुलांना कापूर दाखवावा.

हळदीचा_पेव (हरिपूर)

सांगलीच्या धाग्यात हळद अजून आली नाही याचं आश्चर्य वाटलं!

पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, डाग लालसर होतो. त्यावरच लिंबू पिळा, परत पिवळा. हळद म्हणजे दर्शक. आम्लात ती पिवळीच राहते, आम्लारीत लाल होते. घरातल्या बायकांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. पातळावर पडलेला आमटीचा डाग साबण लावला की लाल होतो आणि पाण्यानं खळबळून धुतला की परत पिवळा. पूर्वी हळदीचं कुंकू घरी करताना टाकणखार घालत, रंग त्यातूनच यायचा. माझ्या नातीनं अशा कागदाच्या पट्ट्या करून गल्लीतल्या सगळ्या घरांतलं पाणी तपासलं.

माहुली (सातारा)

सगळं वाचलं. तीन रकान्यांची वही मला पटली, कारण तिच्यात इंग्रजीचा रकाना आहे. माझ्या मुलाला कुणी अशी वही आठवीत दिली असती तर बरं झालं असतं. पण मी अजून म्हणतो, सेमीच्या मुलानं उत्तर लिहिताना पहिलं इंग्रजी नाव आठवायची सवय लावावी. मराठी समजायला, इंग्रजी लिहायला. आठवड्यातून एक दिवस तिच्याकडून इंग्रजी वाक्यं तोंडी म्हणवून घ्या, मोठ्यानं. माझा पोरगा शब्दाला नाही, तोंड उघडायला घाबरत होता.

फळा_खडू (कोरेगाव)

हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मोठ्यानं म्हणवून घ्या, नक्की.

कृष्णाकाठ (सांगली)

जवळजवळ दोन महिन्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

वही केली. साठच्या वर शब्द झालेत. तिसऱ्या रकान्यात तिच्या अक्षरात अशा नोंदी आहेत: "विस्थापन, तासगावच्या काकांचा कोयता (वाचलं, अजून पाहिलं नाही)". "दर्शक, आईच्या पातळावरचा डाग". "क्षार, आजोबांच्या रानाचा कोपरा". आजोबांबरोबर जाऊन ती पांढरी माती पुडीत घेऊन आली, पाण्यात विरघळवली, गाळली, आणि गाळलेलं पाणी ताटलीत उन्हात ठेवलं. संध्याकाळी ताटलीवर पांढरे कण. आजोबा ते बघून किती वेळ गप्प बसले होते.

शनिवारी जेवताना माहुली काकांच्या सांगण्याप्रमाणे इंग्रजी वाक्यं म्हणते. सुरुवातीला लाजायची, आता तिचे बाबाच अडखळतात.

चाचणीत फार मोठी उडी नाही, दोन-तीन गुणांनी वाढली. पण कालचा प्रश्न मला येत नाही, म्हणून इथं विचारते. ती म्हणाली, "आई, साखर पाण्यात विरघळते हे कळलं. मग मीठ किंवा साखर नुसती तापवून खरंच वितळते का? आणि गुऱ्हाळात काहिलीत जे उकळतं ते वितळलेलं असतं का विरघळलेलं?"

कारखान्याची_लॅब (सांगली)

मीठ वितळतं, पण त्यासाठी ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं, घरच्या चुलीवर ते होत नाही. साखर कोरड्या कढईत मंद आचेवर वितळते, पण लगेच तांबूस होऊन करपायला लागते, म्हणजे तिचं रासायनिक रूपच बदलू लागतं. काहिलीतली साखर मात्र रसाच्या पाण्यात विरघळलेली असते. पाणी उडत जातं, पाक दाट होत जातो, आणि शेवटी गार होताना त्याचा गूळ बसतो.

काळी_माती (वाळवा)

ताई, दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या रानात गुऱ्हाळ लागतंय. पोरीला आणि तिच्या आजोबांना घेऊन या. काहिलीजवळ उभं राहून बघू दे, रस कसा दाटतोय ते. वही आणायला सांगा.